ट्रॅक्टर यायच्या आधीचा एक तास : स्पेनच्या किनाऱ्यावरच्या महापौरांना खुलं पत्र

प्रति,
माननीय महापौर,
फ्रान्सच्या हद्दीपासून दक्षिण टोकाच्या तारिफापर्यंतच्या, समुद्र लाभलेल्या समस्त नगरपालिका,
स्पेन.

विषय : पहाटेचा एक तास मिळण्याबाबत.
संदर्भ : आपल्या किनाऱ्यांवरील पाट्या. (क्रमांक नोंदवलेले नाहीत. फार आहेत.)

महोदय / महोदया,

हे पत्र खरं तर तुम्हाला आधीच मिळायला हवं होतं. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत मी ते तुमच्या गावोगावी लिहीत आलो. दिव्याच्या खांबावर, कचरापेटीच्या कोपऱ्यावर, खजुरीच्या बुंध्यावर, एकदा तर एका नगरपालिकेच्या दाराशेजारच्या कुंडीवरही. आम्हा कुत्र्यांचं खुलं पत्र असंच असतं. पाय वर केला की मजकूर पुरा. येणारा-जाणारा थांबतो, वाचतो, खाली आपले दोन शब्द जोडतो आणि पुढे जातो. पण तुमच्यातल्या पुष्कळ गावांत नियम आहे की कुत्र्याबरोबर पाण्याची बाटली बाळगायची, जमलं तर त्यात थोडं व्हिनेगर घालायचं, आणि कुत्र्यानं पाय खाली घेतला रे घेतला की ते तिथं ओतायचं. आमची ताई नियम पाळणारी बाई आहे. त्यामुळे माझं एकही पत्र दहा सेकंदांच्या वर टिकलं नाही.

म्हणून हे असं, माणसांच्या पद्धतीनं. सांगतोय मी, टाइप करतेय ताई. मधेमधे ती स्वतःचंही घुसडते. ऱ्हस्व-दीर्घ अचूक दिसले की ते वाक्य तिचं समजावं.

तुमच्या पदाला तुमच्याकडे 'अल्काल्दे' म्हणतात. भाऊजी सांगत होते की तो शब्द अरबीतल्या 'अल-काझी'वरून आलाय, म्हणजे आपल्याकडचे काझी तेच. न्यायनिवाडा हे तुमच्या पदाचं मूळचंच काम, तेव्हा मी चुकीच्या दारात उभा नाही.

ओळख देतो. नाव खंड्या. जन्म पुण्याचा, सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या पायरीखालचा. जात देशी. कान उभे, शेपूट वाकडं. ते नळीत घालून बघायच्या भानगडीत अजून कुणी पडलेलं नाही. वाड्यातल्या आजी रोज संध्याकाळी दूधपोळी कुस्करून ठेवायच्या. माझा मुलूख त्यांच्या पायरीपासून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत, त्यापलीकडे दुसऱ्यांचं राज्य. मग आजी गेल्या, वाडा बिल्डरकडे गेला आणि आजींची मुलगी, म्हणजे ताई, मला नेदरलँड्सला, आइंडहोव्हनला घेऊन गेली.

'घेऊन गेली' लिहायला सोपं आहे. आधी मानेत तांदळाच्या दाण्याएवढी चिप, त्यात पंधरा आकडी नंबर. मग रेबीजची लस. मग निदान तीस दिवस थांबून रक्त काढायचं, ते युरोपनं मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं, त्यात प्रतिपिंडं ०.५ युनिटच्या खाली असता कामा नयेत. ती निघाली भरपूर (पेठेतलं रक्त आहे). त्यानंतरही रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. भाऊजींचं म्हणणं, त्यांच्या स्वतःच्या व्हिसाला याच्या निम्मासुद्धा वेळ लागला नव्हता. हे सगळं सांगतो ते अशासाठी की मी कुठूनतरी घुसलेला नाही. माझ्याकडे निळा युरोपीय पासपोर्ट आहे, शिक्क्यांसकट.

त्या पासपोर्टात माझं नाव रोमन लिपीत 'के-एच'नं लिहिलंय. तुमच्याकडचे लोक ते आधी 'कांदिया' असं वाचतात, मग ताईच्या तोंडून एकदा ऐकतात आणि एकदम खूश होऊन घशातून 'खांदिया!' म्हणतात, कारण तुमच्या 'जे' या अक्षराचा उच्चार आमच्या 'ख'च्या जवळचा. पुण्याबाहेर मला इतक्या घसघशीतपणे कुणी हाक मारली नव्हती. तुमच्या माणसांबद्दल माझी काही तक्रार नाही, हे इथेच नोंदवून ठेवतो. तक्रार पाट्यांची आहे. आणि पाट्यांच्या बाबतीत मी अडाणी नाही. ज्या शहरात 'येथे वाहने लावू नयेत, हवा सोडली जाईल' हे वाचत लहानाचा मोठा झालो, तिथल्या कुत्र्याला पाटीचा स्वभाव कळतो.

आता मोटरहोमबद्दल. भाऊजी निवृत्त झाले आणि त्यांनी एक जुनं मोटरहोम घेतलं. माणसांना त्यातून 'प्रवास' करायचा असतो. मला विचाराल तर त्याचा खरा गुण वेगळा आहे. घर सोडावं लागत नाही. सुटकेस बाहेर निघाली की कुत्र्याच्या पोटात जो गोळा येतो, तो इथं येतच नाही, कारण माझी गादी, माझी वाटी, ताईच्या स्वेटरचा वास, गॅसवर फुलणारी पोळी, सगळं बरोबरच चाललेलं असतं. इंजिन सुरू झालं की मला पट्ट्यानं सीटला अडकवतात, वळणावर चमच्यांचा खण आपोआप उघडतो, भाऊजी 'कुणी लावलं नाही नीट?' असं विचारतात आणि दोघंही माझ्याकडे बघतात. रात्री हीटर 'टक्' करून पेटतो. सकाळी दार उघडतं. दार तेच, पायरी तीच, पण अंगण रोज नवं. पायरीवरच्या कुत्र्याला याहून काय हवं? ऐंशी पावलांच्या मुलखाचा मी धनी, आणि आता सुमारे १,३०० किलोमीटर लांबीची पायरी माझ्या वाट्याला आलेली.

सुरुवात इतकी चांगली झाली की मीच फसलो. हद्द ओलांडून पहिला मुक्काम एम्पुरियाब्राव्हाजवळ. तिथला ला रुबिना किनारा. वाऱ्याला तिथं त्रामुंताना म्हणतात, उत्तरेकडून येतो आणि कान मागे चिकटवून ठेवतो. वाळू लांबच लांब, आणि त्यावर कुत्रे. मोकळे! एक बुटका जाडा, दोन झिपरे, एक माझ्यासारखाच कुठल्याही पुस्तकात न सापडणारा. दोर सुटला आणि मी पळालो. नुसता पळालो, कशाच्या मागे नाही. पेठेत पळायचं म्हणजे रिक्षाच्या मागे किंवा दुसऱ्या टोळीच्या पुढे. आइंडहोव्हनला पळायचं म्हणजे कुंपणाच्या आत. असं रिकामं पळणं मला नऊ वर्षांच्या आयुष्यात माहीत नव्हतं. मला वाटलं, स्पेन असंच असणार.

पुढच्या गावात पाटी होती. लाल वर्तुळ, आत कुत्रा, कुत्र्यावर तिरकी रेघ. त्याच्या पुढच्या गावात पाटीखाली तारखा होत्या, म्हणजे उन्हाळ्यात मनाई, आत्ता चालेल. त्याच्या पुढच्यात तारखा होत्या पण उन्हानं उडालेल्या. आणखी एका गावात पाटीच नव्हती, पण नियम होता. समुद्र तोच, वाळू तीच, मधे फक्त एक ओहोळ, आणि ओहोळाच्या अलीकडे मी पाळीव प्राणी आणि पलीकडे गुन्हेगार. भाऊजींनी मोबाइलवर एकेका नगरपालिकेचे नियम शोधायला सुरुवात केली. ते स्पॅनिशमध्ये, कधी कातालानमध्ये, कधी वालेन्सियनमध्ये. आम्ही कुत्रेसुद्धा हद्दी आखतो, पण त्या हुंगून कळतात. तुमच्या हद्दीला वासच नाही.

या हद्दींचा हिशेब भाऊजींना मांडता आला नाही आणि एका गावात आम्ही सापडलो. गावाचं नाव सांगत नाही, त्या महापौरांना स्वतःचं गाव ओळखू येईल. फेब्रुवारीची सकाळ, आठचा सुमार. दोन किलोमीटर किनारा आणि त्यावर एक पळणारा गृहस्थ, एक बाई, बाईच्या हातात कॉफी. बाकी सीगल. उन्हाळी आंघोळीच्या शॉवरचा खांब, त्याच्यामागे पाटी, पाटीवर 'वर्षभर'. हिरव्या गाडीतून दोघं उतरले, नम्रपणे बोलले, पावती फाडली. ताईनं विचारलं, 'इथं आत्ता आम्ही कुणाला त्रास देतोय?' त्यांनी किनाऱ्याकडे पाहिलं. खांदे उडवले. त्यांचा दोष नव्हता.

याच्या मुळाशी निळा झेंडा आहे, असं मला पुढे कळलं. स्वच्छ किनाऱ्यांना जो निळा झेंडा मिळतो, त्याच्या निकषांत पाळीव प्राण्यांवर कडक नियंत्रण ठेवावं, असं एक कलम आहे. जगात सर्वांत जास्त असे झेंडे स्पेनकडे आहेत, सहाशेहून अधिक किनारे. अभिमान असणारच. उन्हाळ्यात, छत्रीला छत्री टेकलेली असताना, पोरं वाळूत लोळत असताना मला तिथं सोडू नका, हे मला मान्य आहे. तुम्ही सोडलंत तरी मी जाणार नाही, पाय भाजतात. पण झेंडा आंघोळीच्या हंगामापुरता असतो. फेब्रुवारीत तो उतरवलेला असतो. काठी रिकामी, पाटी मात्र जागच्या जागी. शिवाय सीगलना कुणी काही विचारत नाही. त्यांचा कारभार मी जवळून पाहिलाय, एकदा पाठीवर घेतलाय.

दुसरा प्रसंग वाटीचा. तुमच्या देशाच्या वाहतूक खात्याचा नियम भाऊजींना तोंडपाठ आहे. मोटरहोम रीतसर जागेत उभं आहे, जमिनीला फक्त चाकं टेकलेली आहेत, खिडकी-छत-खुर्ची काही बाहेर पसरलेलं नाही, पाणी-सांडपाणी गळत नाही, तर ते 'पार्किंग'. आत माणसं झोपली आहेत की पत्ते खेळताहेत, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. पण बाहेर काही मांडलं की झाला तळ, आणि तळ ठोकायला मनाई. नियम चांगला आहे. आम्ही खुर्ची काढत नव्हतो, ताई कपडेसुद्धा आतच वाळत घालायची. एका संध्याकाळी मात्र दाराजवळ, खाली जमिनीवर, माझी पाण्याची स्टीलची वाटी होती. दोन पोलीस आले. गाडीभोवती फिरले. चाकं बघितली. मग एकानं वाटीकडे बोट दाखवलं.

भाऊजी म्हणाले, 'ही कुत्र्याची आहे.' तो म्हणाला, 'पण ती बाहेर आहे.' भाऊजी म्हणाले, 'कुत्रापण बाहेर आहे. त्याचे चार पंजे जमिनीला टेकलेत. त्याचं काय करू?' मी शेपूट हलवून परिस्थिती हलकी करायचा प्रयत्न केला. धाकटा पोलीस हसला, थोरला नाही. शेवटी वाटी आत गेली आणि मी पायरीवर उभं राहून, मान खाली घालून, आतलं पाणी प्यायलो. त्या पोलिसांशी माझं वैर नाही. फक्त तळ ठोकणाऱ्यांच्या यादीत मला शिवाजी महाराजांच्या फौजेशेजारी बसवलंत, हे पेठेत कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

एब्रो नदीच्या त्रिभुज प्रदेशात मात्र मी पाटीबद्दल ब्र काढणार नाही. तिथं भाताची खाचरं आहेत, मैलोनमैल सपाट. त्या चिखलाचा वास आला आणि मला मावळ आठवला. आजी मला एकदा रिक्षाटेम्पोतून कामशेतला घेऊन गेल्या होत्या. लांब पाण्यात फ्लेमिंगो एका पायावर उभे. आणि वाळूवर दोर बांधलेला, पाटी, आत केंटिश प्लोव्हर नावाचा पक्षी. चिमणीहून थोडा मोठा, पळतो मात्र असा की पायाला चाकं लावलीत. तो वाळूतच, नुसत्या खळग्यात अंडी घालतो आणि अंडी हुबेहूब वाळूच्या रंगाची. खरं सांगतो, पायाखाली अंडं आलं तर मला कळणार नाही. आणि पिल्लू आलं तर कळेल, ते जास्त वाईट. मार्चपासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत त्या दोराच्या आत कुत्र्यानं जाऊ नये. माझ्याकडून शब्द. (माझ्या गळ्यातल्या दोराचं दुसरं टोक भाऊजींच्या हातात असेलच.) मी जो तास मागतोय तो अशा किनाऱ्यांवर मागतच नाही.

पेन्यिस्कोलाच्या किल्ल्यावर एक पोप राहायचा म्हणे. मी खाली मासळीच्या धक्क्यावर थांबलो, तिथं जास्त रस होता.

वालेन्सियाचं काय सांगू? १ मार्चपासून १९ मार्चपर्यंत रोज दुपारी दोनला तुमच्या एका सहकाऱ्याच्या नगरपालिकेसमोर दारूकाम होतं, मास्क्लेता. रंग नाही, रोषणाई नाही, नुसता आवाज. सज्जातून फुलराणीसारखी सजलेली मुलगी आतषबाजीवाल्याला म्हणते, 'करा सुरू', आणि मग जमीन हलते. फायास हा तुमचा सण, २०१६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. सणाला माझी ना नाही. पुण्याच्या दिवाळ्या मी पलंगाखाली काढल्यात, आजी पोळीचा तुकडा खाली सरकवायच्या. आम्ही शहराबाहेर पिनेदोच्या बाजूला मुक्कामाला होतो. तिथं कुत्र्यांसाठी राखलेला किनारा आहे, पण दोन वाजता तिथं एकही कुत्रा नव्हता. आम्ही सगळे आपापल्या गाड्यांच्या टेबलांखाली होतो. संडासाच्या त्या अरुंद खोलीत मी किती वेळ काढला, ते ताई लिहू देत नाहीये. एवढंच म्हणतो की वर्षातले एकोणीस दिवस आम्ही तुमच्यासाठी सोसतो, तर.

आता एक पाटी, जी मी सगळ्यांत जास्त शोधली आणि जी नव्हती. आलिकांतेच्या अलीकडे एका पाइनच्या झाडीत आम्ही जेवायला थांबलो. लाकडी बाकं, भट्टी, कुत्र्याला दोर बांधावा अशी पाटी. झाडांच्या शेंड्यांत पांढरे, कापसाच्या गोळ्यासारखे पुंजके. जमिनीवर एक रांग चाललेली. केसाळ अळ्या, एकीचं तोंड दुसरीच्या शेपटीला, तिची तिसरीच्या, पंढरीच्या वारीसारखी शिस्त. एकाचं नाक दुसऱ्याच्या शेपटीला, ही पद्धत आमचीच. मी साहजिकच ओळख करून घ्यायला नाक पुढे केलं आणि ताई अशी किंचाळली की मी हवेतच मागे वळलो.

ती पाइनची अळी, तुमच्या भाषेत प्रोसेसियोनारिया. हिवाळा सरताना घरट्यांतून उतरते आणि मातीत शिरायला निघते. तिच्या केसांत विष. कुत्र्याच्या जिभेला लागलं तर जीभ सुजते, काळी पडते, कधी तिचा तुकडाच गळून जातो. श्वास अडकून जीवही जातो. शेजारच्या टेबलावरच्या वालेन्सियन आजोबांनी हे हातवाऱ्यांनी ताईला समजावलं, स्वतःची जीभ बाहेर काढून. त्या झाडीत कुत्र्यानं काय करू नये, हे लिहिलेलं होतं. कुत्र्याला काय होईल, हे नव्हतं. महोदय, 'मनाई' लिहायला जेवढा पत्रा लागतो तेवढ्याच पत्र्यावर 'अळ्या आहेत' हेही मावतं. माझ्या एका तासापेक्षा हे आधी करा.

संध्याकाळच्या वाळूमाशीचं मी तुम्हाला सांगायला नको. तिच्यामुळे होणारा लेशमानिया तुमच्याकडच्या कुत्र्यांना नवीन नाही. आमच्याकडे त्याचा भाऊबंद काळा आजार. माझ्या गळ्यात म्हणून औषधी पट्टा आहे. त्याला असा वास येतो की पहिले दोन दिवस मीच माझ्यापासून लांब बसलो.

तुमच्या देशानं आमच्यासाठी कायदे केलेत, हे मी विसरलेलो नाही. जानेवारी २०२२ पासून तुमच्या दिवाणी कायद्यात मी 'वस्तू' नाही, संवेदना असलेला जीव आहे. सप्टेंबर २०२३च्या अखेरीस प्राणिकल्याणाचा कायदा लागू झाला, त्यानुसार मला दुकानाबाहेर बांधून आत जाता येत नाही. उत्तम. फक्त दुकानातही मला घेत नाहीत, आणि उन्हात बंद गाडीत ठेवणं तर पापच. त्यामुळे आमच्याकडे दूध आणायला ताई जाते तेव्हा भाऊजी माझ्याजवळ, आणि भाऊजी जातात तेव्हा ताई. दोघं आहेत म्हणून चाललं. शेजारी एक बेल्जियन काका एकटेच फिरत होते, त्यांची म्हातारी कुत्री आणि ते. ते तीन दिवस कोरी कॉफी प्यायले, मग ताईनं त्यांचंही दूध आणायला सुरुवात केली.

त्या कायद्यातून शिकारी कुत्रे मात्र वगळलेत. काबो दे गाता भूशिराच्या अलीकडच्या एका कॅम्पिंगवर मला एक गाल्गो भेटली. सशामागे धावणारी तुमची जात, पाय म्हणजे नुसत्या काड्या. शिकारीचा हंगाम संपला की यांच्यातल्या कित्येकांना सोडून देतात. हिला कुणीतरी रस्त्यावरून उचललं, आता ती एका जर्मन जोडप्याबरोबर हानोव्हरला राहते. मागचा एक पाय वेडावाकडा जुळलेला. आम्ही एकमेकांना हुंगलं आणि पुढे काही विचारलं नाही. हा विषय माद्रिदचा आहे, तुमचा नाही, मला कळतं. पण ती तुमच्याच गावांतून येते.

ती मला म्हणाली (म्हणजे तिच्या अंगावरून कळलं) की आमच्या गावात बिनमालकाचा कुत्रा रस्त्यावर दिसतच नाही, दिसला तर दुसऱ्या दिवशी दिसत नाही. हे मला फार दिवस पुरलं. माझ्या जन्माच्या देशात २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधी दिल्लीचे सगळे भटके कुत्रे उचला म्हटलं, मग अकरा दिवसांनी म्हटलं, पिसाळलेले आणि हल्ला करणारे सोडून बाकीच्यांना नसबंदी-लसीकरण करून होते तिथेच परत सोडा. 'होते तिथेच'. माझी आजींची पायरी अशीच होती. तेव्हा माझ्याकडे एकही कागद नव्हता आणि जागा होती. आता पासपोर्ट आहे, चिप आहे, विमा आहे, आणि फेब्रुवारीच्या रिकाम्या वाळूवर पाय ठेवला की पावती फाटते.

कुत्र्यांसाठी किनारे आहेत, असं तुम्ही म्हणाल. आहेत, मी गेलोय. फुएन्खिरोलाला किल्ल्याखाली नदीच्या मुखाशी, मालागाच्या वेशीवर तोतालान ओढ्याच्या मुखाशी. आलिकांतेला आगुआ आमार्गा, तिथं खडकच जास्त. ओढे-नाल्यांची तोंडं तुम्ही आम्हाला देता, याचं मला आश्चर्य नाही. आमच्याकडेही गावाची शेवटची जागा कुणाला द्यायची, याचा इतिहास आहे आणि तो कुत्र्यांपुरता नाही. पण या जागा एकमेकींपासून इतक्या लांब की दोन किनाऱ्यांच्या मधे आम्हाला फक्त खिडकी उरते.

मालागात तर तुम्ही आमच्या डीएनएची नोंद ठेवता. रस्त्यात विष्ठा पडलेली सापडली की प्रयोगशाळेतून मालकाचा पत्ता काढता. मला हे पटलं. आम्ही हेच काम नाकानं करतो, फुकट आणि जागच्या जागी, पण पद्धत बरोबर आहे. त्याच मालागात, एल पालोला, जुन्या होडीत वाळू भरून तिच्यावर ऑलिव्हच्या लाकडाचा विस्तव आणि विस्तवाशेजारी वेताच्या काडीत ओवलेल्या सार्डिन उभ्या. एस्पेतो. मी तिथं किनाऱ्यावर नव्हतो, रस्त्याच्या कडेला, कायदेशीर अंतरावर, दोर बांधून बसलो होतो. भाजणाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं एक डोकं फेकलं. डब्यातल्या अळणी खाण्यावर नऊ वर्षं काढलेल्यांना हे सांगून कळायचं नाही.

तर मुद्द्यावर येतो.

मार्चमध्ये ईस्टरची तयारी म्हणून तुमच्या किनाऱ्यांवर ट्रॅक्टर फिरायला लागतात. मी मोटरहोमच्या खिडकीतून रोज बघत होतो. उजाडायच्या सुमाराला येतो, मागे जाळी लावलेली, वाळू उचलतो, चाळतो, थोटकं-बुचं-काचा ठेवून घेतो आणि वाळू मागे टाकतो. मागे राहते ती सारवलेल्या अंगणासारखी रेघारेघांची वाळू. तो येतो तेव्हा किनाऱ्यावर कुणी नसतं. तो यायच्या आधीच्या तासात तर कुणीच नसतं.

तो तास आम्हाला द्या. हंगामातही, हंगामाबाहेरही, वर सांगितलेले दोर बांधलेले किनारे सोडून. पाटीवर लाल वर्तुळाशेजारी एक हिरवं काढा आणि खाली वेळ लिहा. सगळ्या गावांत एकच वेळ, म्हणजे ओहोळ ओलांडताना भाऊजींना मोबाइल काढावा लागणार नाही. त्या तासात दोर सुटा, पिशवी मालकाच्या हातात, बाटलीही असू दे. एक तास झाला की ट्रॅक्टर येईल आणि आमच्या पायांचे ठसे थोटकांबरोबर चाळून नेईल. नऊ वाजता कॉफी घेऊन येणाऱ्या बाईला आम्ही आलो होतो, हे कळणारसुद्धा नाही. उन्हाळ्यात तर आम्हालाही तोच तास सोसतो, त्यानंतर वाळू तापते.

तारिफाला आमचा रस्ता संपला. पलीकडे १४ किलोमीटरवर आफ्रिका. शेजारच्या बोलोनियाला बाएलो क्लाउदिया नावाचं रोमन गाव आहे, तिथं दोन हजार वर्षांपूर्वी मासळी खारवायचे आणि मासळीची आंबवलेली चटणी करून होडीनं रोमला पाठवायचे. दगडी हौद अजून आहेत. ताई आत गेली, मी भाऊजींबरोबर बाहेर. ती परत आल्यावर मी तिचे बूट बराच वेळ हुंगले. ती म्हणते, इतक्या वर्षांनी कसला वास राहतोय. मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे वारा पडला होता. भाऊजींनी दार उघडलं. बाहेर वाळू, वाळूवर कुणी नाही, पाटी होती पण अंधारात वाचता येत नव्हती. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पायरीवर बसून राहिलो, कारण पावतीचे पैसे कुणाच्या खिशातून गेले, ते मला माहीत आहे. लांबून ट्रॅक्टरचा आवाज येईपर्यंत आम्ही तिघंही तसेच दारात बसलो. ताईनं तिथंच चहा केला.

कळावे, उत्तराची वाट पाहतो आहे,

आपला,
खंड्या
(उजव्या पुढच्या पंजाचा ठसा)

ता. क. उत्तर खांबावर दिलंत तरी चालेल. फक्त बाटलीवाल्यांना दोन मिनिटं थांबायला सांगा.

ता. क. दुसरा. वाटी आता आतच असते.